अळीमिळी गुपचिळी

स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये ब्रान नावाची एक लहानशी नदी आहे. मे २०२० मध्ये तिच्या काठी फिरायला गेलेल्यांना शिशाच्या पत्र्याची एक गुंडाळी सापडली. उलगडली तर आत पक्ष्याच्या पाठीवर बसवतात तो सॅटेलाइट टॅग. तपास केल्यावर तो कुणाचा तेही कळलं. २०१४ मध्ये एका सोनेरी गरुडाच्या पिल्लाला तो लावला होता आणि मे २०१६ मध्ये याच भागात त्याचे संदेश एकाएकी बंद झाले होते. गरुड सापडला नाही, आजतागायत नाही.

शिशातून संदेश बाहेर पडत नाही. शिसं गुंडाळणाऱ्याला हे ठाऊक होतं. गरुड मारायला एक काडतूस किंवा चिमूटभर विष पुरतं. पण टॅग कापून काढायचा, त्याला शिशात लपेटायचं आणि नदीत टाकून द्यायचं, यासाठी डोकं थंड लागतं. टॅग कसा चालतो, तो नुसता फेकून दिला तर पोलीस कुठवर पोचतील, याचा हिशेब आधी झालेला असावा लागतो. रागाच्या भरात हातून घडलेली ही गोष्ट नव्हे.

हे पुस्तक अशा हिशेबांविषयी आहे. ब्रिटनमध्ये शिकारी पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण मिळून सत्तर वर्षं झाली. तरी ते बंदुकीने, सापळ्याने, विषाने मारले जातात आणि त्यातले पुष्कळसे जिथे पैसे मोजून बंदुकीची शिकार चालते तिथे मारले जातात. बझर्ड, बहिरी ससाणे, तांबड्या घारी, गॉसहॉक, गरुड अशा सगळ्यांची हजेरी पुढच्या पानांत लागेल. पण या कहाणीच्या मध्यभागी एकच पक्षी आहे, हेन हॅरिअर.

आपल्याकडे हिवाळ्यात सोलापूरकडच्या नान्नजच्या किंवा पुणे जिल्ह्यातल्या गवताळ माळांवर जे भोवत्ये येतात, त्यांचा हा सख्खा भाऊबंद. गवताच्या वर हात-दोन हात अंतर ठेवून, पंख किंचित वर उचललेले, कधी डावीकडे कधी उजवीकडे कलत सगळा माळ विंचरून काढायची ती ढब ज्याने एकदा पाहिली तो विसरत नाही. हेन हॅरिअरचा नर फिकट राखाडी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. घरटं जमिनीवर, हेदरच्या झुडपात. मादी अंड्यांवर बसलेली असताना नर भक्ष्य घेऊन येतो तो घरट्यावर उतरत नाही. वरूनच आवाज देतो. मादी उठते, त्याच्या खाली येते, तो पायातला उंदीर किंवा चिमुकला पिपिट सोडतो आणि ती हवेतच अंग उलटं करून, पाय वर करून तो झेलते. झेल सहसा सुटत नाही. हे सगळं दोन-तीन सेकंदांत आटोपतं. पक्षिनिरीक्षक हे पाहण्यासाठी दिवसभर माळावर बसून राहतात. घरटं कुठे आहे हे यावरून कळतं, तेव्हा ते संपवायला निघालेला माणूसही हेच पाहत बसतो.

आता दुसरा पक्षी. रेड ग्राउस हा तित्तिराच्या नात्यातला, जमिनीवर राहणारा, हेदरच्या कोवळ्या शेंड्यांवर जगणारा. त्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो आणि १० डिसेंबरला संपतो. १८३१ च्या गेम अॅक्टपासून ही तारीख पाळली जाते आणि शिकारी मंडळी तिला मोठ्या कौतुकाने ‘ग्लोरिअस ट्वेल्फ्थ’ म्हणतात. शिकारकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला हाका म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. इथेही तोच प्रकार. हाकारे ओळ धरून, झेंडे फडकावत माळ तुडवतात. पुढे दगड-मातीचे छातीइतके आडोसे एका रांगेत बांधलेले असतात, त्यांत बंदूकवाले उभे. प्रत्येकाजवळ दोन दुनळ्या आणि मागे एक माणूस, ज्याचं काम एकच: रिकामी बंदूक घ्यायची, भरलेली हातात द्यायची. ग्राउस वाऱ्यावर स्वार होऊन जमिनीलगत सुसाट येतात, डोक्यावरून जातात आणि पडतात. ३० ऑगस्ट १८८८ रोजी यॉर्कशायरच्या ब्लबरहाउसेस माळावर लॉर्ड वॉल्सिंगहॅमने एकट्याने एका दिवसात १,०७० ग्राउस पाडले. १२ ऑगस्ट १९१५ रोजी लँकशायरच्या एका माळावर आठ बंदुकांनी २,९२९ पाडले. त्या वर्षी युरोपात महायुद्ध चालू होतं हे जाता जाता लक्षात ठेवावं.

या आकड्यांतच भांडणाचं मूळ आहे. कुत्रा सोबत घेऊन माळभर पायपीट करायची, दिवसाकाठी चार-सहा पक्षी मिळाले तर मिळाले, अशी शिकारही ब्रिटनमध्ये होते. त्या शिकाऱ्याला हॅरिअरने दहा ग्राउस खाल्ले काय नि वीस खाल्ले काय, फारसा फरक पडत नाही. पण हाक्याच्या शिकारीला माळ पक्ष्यांनी खच्चून भरलेला लागतो. तेवढे पक्षी नसतील तर हाकाच होत नाही, आणि हाका नाही तर पाहुणे नाहीत. फेझंट हॅचरीत उबवून लाखोंनी सोडता येतात. ग्राउसचं तसं नाही. ग्राउस पाळून वाढवायचा धंदा जमलेला नाही, म्हणून प्रत्येक पक्षी रानातच निपजलेला हवा. मग एकच मार्ग उरतो. रान त्याच्या सोयीचं करायचं. हेदरचे पट्टे आळीपाळीने जाळायचे म्हणजे कोवळे शेंडे मिळतात. आतड्यातल्या जंतांवर औषध लावलेली खडी ठिकठिकाणी ठेवायची. कोल्हे, कावळे, स्टोट मारायचे, आणि हे सगळं कायद्यात बसतं. या यादीत पुढचं नाव कुणाचं येतं हे सांगायला नको.

हे काम गेमकीपर करतो. गेमकीपर म्हणजे इस्टेटीचा राखणदार, पण नुसता राखणदार म्हटलं तर चित्र अपुरं राहतं. तो बारा महिने, वारा-पावसात माळावर असतो. कुठल्या ओढ्याच्या वळणावर कर्ल्यूने अंडी घातली आहेत हे त्याला ठाऊक असतं. घर इस्टेटीचं, बहुधा नोकरीबरोबर आलेलं. नोकरी सुटली की घरही सुटतं. त्याची किंमत ठरते ती हंगामाअखेर किती जोड्या पडल्या यावर. ग्राउस जोडीवर मोजतात, पाहुण्यांना आकार जोडीमागे लावतात आणि माळ विकायला निघाला की भाव सांगतानाही गेल्या काही वर्षांची जोड्यांची सरासरी पुढे केली जाते. म्हणजे घरट्यावर बसलेली एक हॅरिअर मादी ही गेमकीपरच्या दृष्टीने पक्षी कमी आणि वजाबाकी जास्त असते.

इतिहास लांब आहे, मी तो थोडक्यात उरकतो. एकोणिसाव्या शतकात मागून काडतूस भरायच्या बंदुका आल्या, रेल्वे डोंगराळ भागापर्यंत पोचली, १८५२ मध्ये राजघराण्याने बाल्मोरल विकत घेतलं आणि उत्तरेकडच्या माळांवर बंदूक घेऊन जाणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. वाकडी चोच दिसली की मार, हा त्या काळचा उघड नियम होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ग्लेनगॅरी इस्टेटीची १८३७ ते १८४० या काळातली एक यादी नेहमी पुढे केली जाते. तीत इतर शेकडो प्राण्यांबरोबर २७५ घारी आणि ६३ हेन हॅरिअर मारल्याची नोंद आहे. तिच्यातले आकडे फुगवलेले असावेत असा संशय अभ्यासकांनी घेतला आहे, आणि मलाही तो रास्त वाटतो. पण फुगवून सांगावंसं वाटलं, यावरूनच काळाची हवा कळते. १९०० च्या सुमारास मुख्य भूमीवरून हेन हॅरिअर जवळजवळ नाहीसा झाला. उरला तो ऑर्कनी आणि पश्चिमेच्या बेटांवर. समुद्री गरुडाचा शेवटचा पक्षी १९१८ मध्ये शेटलंडमध्ये गोळीला बळी पडला.

मग महायुद्धं आली आणि गेमकीपर सैन्यात गेले. माणसं माणसांना मारण्यात गुंतल्यावर हॅरिअर पुन्हा पसरू लागला. (बहिरी ससाण्याचं नशीब मात्र उलटं. वैमानिकांच्या संदेशवाहक कबुतरांना धोका म्हणून १९४० मध्ये सरकारनेच त्याला मारायचा हुकूम काढला आणि सुमारे सहाशे ससाणे मारले गेले.) १९५४ च्या कायद्याने बहुतेक सगळ्या शिकारी पक्ष्यांना अभय दिलं, १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टने ते पक्कं केलं. खांबाच्या टोकावर बसवायचा, पक्षी बसताच पाय चिरडणारा सापळा तर १९०४ पासून बेकायदा आहे. तो सापळा २०१६ मध्येही यॉर्कशायरच्या एका ग्राउस माळावर लावलेला सापडला. लावणाऱ्या गेमकीपरला पोलिसांनी ताकीद देऊन सोडलं.

इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण पक्षिप्रेमी ती कबूल करताना जरा चाचरतात. हॅरिअर ग्राउस खातो का? खातो. गेमकीपरची भीती निराधार नाही.

हे ठरवण्यासाठी १९९२ ते १९९७ या काळात स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, लँगहोमच्या माळावर एक मोठा अभ्यास झाला. माळ बक्ल्यू इस्टेटीचा. शिकारवाले आणि पक्षिसंरक्षक दोघेही त्यात सामील होते. शिकारी पक्ष्यांना खरोखरच हात लावायचा नाही आणि काय होतं ते मोजायचं, अशी अट होती. स्टीव्ह रेडपाथ आणि सायमन थर्गुड या संशोधकांनी ते मोजलं. संरक्षण मिळताच हॅरिअरच्या वीण करणाऱ्या माद्या २ वरून २० वर गेल्या. हॅरिअर माळावर येतो तो मुळात ग्राउससाठी नव्हे. वसंतात त्याला पिपिट आणि शेतउंदीर भरपूर दिसतात म्हणून तो तिथे घर मांडतो. पण पिल्लं झाली की त्यांना भरवायला समोर ग्राउसची पिल्लंही असतात. उन्हाळ्यात ग्राउसच्या पिल्लांपैकी सुमारे ३७ टक्के हॅरिअरच्या पोटात गेली. शिकारीला शिल्लक उरेना. हाके बंद पडले, गेमकीपरांना काम उरलं नाही.

आणि मग जे झालं ते कुणालाच सोयीचं नव्हतं. गेमकीपर गेल्यावर कोल्हे आणि कावळे वाढले, जमिनीवरची घरटी उघडी पडली आणि काही वर्षांत हॅरिअरही पुन्हा मोजक्या जोड्यांवर आले. म्हणजे हॅरिअरला मारणाऱ्या व्यवस्थेचाच एक हात त्याला जपतही होता. कर्ल्यू, टिटवीच्या जातीचा लॅपविंग, गोल्डन प्लोव्हर या पक्ष्यांचंही असंच आहे. ऑटरबर्नच्या परिसरात २००० ते २००८ या काळात झालेल्या प्रयोगात, जिथे कोल्ह्या-कावळ्यांवर नियंत्रण होतं तिथे या पक्ष्यांची वीण सरासरी तिपटीने यशस्वी झाली. शिकारवाले हे पुन्हा पुन्हा सांगतात आणि ते खरं आहे.

वाटही तिथेच सापडत होती. १९९८ आणि १९९९ मध्ये हॅरिअरच्या घरट्यांजवळ खांबांवर कोंबडीची मेलेली पिल्लं आणि पांढरे उंदीर ठेवून पाहिले. आयतं मिळू लागल्यावर हॅरिअरने आपल्या पिल्लांना भरवलेल्या ग्राउसच्या पिल्लांचं प्रमाण ८६ टक्क्यांनी घटलं. ग्राउसची संख्या मात्र त्यामुळे अपेक्षेइतकी उसळली नाही. हा उपाय कायदेशीर आहे, फार महागही नाही. तरी तो करायला पुढे येणारे माळ थोडेच निघाले. का, याचं उत्तर मला शास्त्रात सापडत नाही. घरट्याजवळ खांब रोवून रोज उंदीर मांडायचे म्हणजे हा पक्षी इथे राहणार हे मान्य करणं. अनेकांचं अडतं ते तिथेच, असं माझं मत आहे. (लँगहोमचा तो माळ पुढे गावकऱ्यांनी वर्गणी-देणग्या उभ्या करून २०२१ आणि २०२२ मध्ये दोन टप्प्यांत विकत घेतला. आज तिथे टॅरस व्हॅली नावाचं राखीव रान आहे. त्यावर या पुस्तकात स्वतंत्र लेख आहे.)

आता आकडे. इंग्लंडच्या माळांवर हेन हॅरिअरच्या तीनशेहून अधिक जोड्या सहज मावतील असा अंदाज आहे. २०१३ मध्ये संपूर्ण इंग्लंडात एकाही जोडीचं पिल्लू उडालं नाही. त्यानंतर परिस्थिती सुधारली. २०२३ मध्ये १४१ पिल्लं उडाली, तर पुढच्या वर्षी आकडा ८० वर घसरला. २०२३ च्या गणनेत ब्रिटन आणि आइल ऑफ मॅन मिळून ६९१ जोड्या भरल्या, त्यांतल्या इंग्लंडात पन्नासच्या आसपास. पिल्लं उडतात, मग जोड्या त्या मानाने का वाढत नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर टॅगने दिलं. हॅरिअरच्या पाठीवरचा टॅग दहा ग्रॅमच्या आसपास असतो, सौरऊर्जेवर चालतो. पक्षी भुकेने, आजाराने किंवा कोल्ह्याच्या तोंडी मेला तर टॅग चालूच राहतो. शरीर थंड पडल्याचं, एकाच जागी पडून असल्याचं कळवत राहतो आणि माणसं जाऊन मेलेला पक्षी उचलून आणतात. बिघडायचा असेल तर बहुधा आधी बिघाडाची चिन्हं दिसतात. पण अगदी ठणठणीत चाललेला टॅग अचानक मुका होतो आणि तिथे जाऊन पाहावं तर ना टॅग ना पक्षी, असं वारंवार घडू लागलं. २००७ ते २०१७ या काळात टॅग लावलेल्या ५८ हॅरिअरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले ७२ टक्के बेकायदा मारले गेले हे निश्चित किंवा बहुतांशी निश्चित, असा त्याचा निष्कर्ष. ग्राउस माळांच्या प्रदेशात मरण्याची किंवा नाहीसं होण्याची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा दहापट. स्कॉटलंडमध्ये २००४ ते २०१६ या काळात टॅग लावलेल्या १३१ सोनेरी गरुडांपैकी ४१ संशयास्पदरीत्या नाहीसे झाले होते.

२०२१ मध्ये तर कडेलोट झाला. नॉर्थ पेनाइन्समध्ये आस्टा नावाच्या हॅरिअर मादीचा टॅग सापडला तो एका मेलेल्या कावळ्याच्या अंगावर. कुणीतरी तिला संपवून टॅग काढला, जिवंत कावळ्याला बांधला आणि सोडून दिला, म्हणजे नकाशावर हॅरिअर अजून उडते आहे असं दिसत राहावं. शिशाच्या गुंडाळीपेक्षा ही युक्ती वरचढ म्हणायची.

एवढं असून शिक्षा किती? नगण्य. माळ विस्तीर्ण, वस्ती तुरळक, पक्ष्याचं प्रेत खिशात मावेल एवढं. २०११ मध्ये टॅग लावलेली ‘बोलंड बेटी’ नावाची मादी जुलै २०१२ मध्ये यॉर्कशायरच्या माळावर मेलेली सापडली. तिचा पाय मोडलेला होता, आणि मोडलेल्या हाडावर शिशाचा अगदी सूक्ष्म कण आहे हे प्रयोगशाळेतल्या तपासणीत दिसलं. छर्रा लागला होता, हे सिद्ध झालं. कुणाच्या बंदुकीतला, हे नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये नॉरफोकच्या डर्सिंगहॅम बॉगवर, राजघराण्याच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीला लागूनच, दोन हॅरिअर गोळ्या लागून पडताना साक्षीदारांनी प्रत्यक्ष पाहिले. पक्षी सापडले नाहीत, खटला उभा राहिला नाही. जून २०१३ मध्ये कॅब्राकच्या रानात घरट्यावरून उठणाऱ्या मादीवर बार झाल्याचं चित्रीकरणच हाती होतं. चार वर्षांनी सरकारी वकिलांनी ते पुरावा म्हणून चालणार नाही असं ठरवून खटला मागे घेतला. जे थोडे खटले निकालापर्यंत जातात, त्यांत दोषी ठरलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश गेमकीपर असतात.

‘थोडी नासकी माणसं’ हे शिकारवाल्यांच्या संघटनांचं ठरलेलं उत्तर. ते मला पटत नाही, पण उलट टोकाचं, सगळे एकाच माळेचे मणी असल्याचं म्हणणंही पटत नाही. ज्याला सरसकट शिकारी समाज म्हटलं जातं तो एक नाही. किनाऱ्यावरच्या चिखलात पहाटे बदकांची वाट पाहत बसणारा कामगार, चार मित्रांनी वर्गणी काढून चालवलेलं फेझंटचं छोटं रान, शेतातली कबुतरं उठवणारा शेतकरी आणि जोडीमागे भरमसाट पैसे मोजून ग्राउसच्या हाक्याला येणारा पाहुणा, यांना एका पोत्यात भरता येत नाही. पहिल्या तिघांनी हॅरिअर जन्मात पाहिलेलाही नसतो. पण बंदुकीचा परवाना कडक झाला, शिकारीवर बंदीची मागणी झाली की सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि जळतो तो पहिल्यांदा हाच माणूस. १,२३,०७७ सह्यांच्या अर्जावरून ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी ब्रिटिश संसदेत ग्राउसच्या हाक्यावर बंदी घालण्याबाबत चर्चा झाली. तिच्यातून निघालं काही नाही. धास्ती मात्र सगळ्यांनीच घेतली.

शिकार आणि संरक्षण यांचं वैर जन्मजात आहे असंही नाही. स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांचं आश्रयस्थान उभारणारे पीटर स्कॉट तरुणपणी हाडाचे बदकशिकारी होते. आपल्या सलीम अलींना पक्षिशास्त्राची गोडी लागली ती एअरगनने पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमध्ये दाखवायला नेली तेव्हा. बंदूक हातात असलेला माणूस पक्ष्याकडे जितकं बारकाईने पाहतो तितकं दुर्बीणवालाही कधी कधी पाहत नाही.

म्हणूनच त्याचं न बोलणं मला अधिक खटकतं. मारणारे किती, हा प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. माहीत असणारे किती? शेजारच्या माळावर गेल्या वसंतात हॅरिअरचं जोडपं होतं आणि मे उजाडेपर्यंत दिसेनासं झालं, हे हाकाऱ्यांना, गेमकीपरच्या मित्रांना, पबमध्ये बसणाऱ्यांना, जमिनीच्या व्यवस्थापकाला कळत नाही, असं मानायला मी तयार नाही. गावात कुणाच्या विहिरीला किती पाणी लागलं हे ज्यांना कळतं त्यांना हेही कळतं. पण कळवायचं कुणाला? ज्याचं घर, नोकरी, मुलांची शाळा सगळं त्या एका इस्टेटीवर अवलंबून आहे त्याने तोंड उघडलं तर त्याला पुढची नोकरी कोण देणार? तेव्हा अळीमिळी गुपचिळी. जानेवारी २०२० मध्ये शिकाऱ्यांची संघटना बीएएससी, मूरलँड असोसिएशन, गेमकीपरांची राष्ट्रीय संघटना, कंट्रीसाइड अलायन्स आणि जमीनमालकांची संघटना यांनी मिळून जाहीर केलं की शिकारी पक्षी मारणं आम्ही मुळीच खपवून घेणार नाही. घोषणा स्वागतार्ह होती. तिच्यानंतरही टॅग मुके होत राहिले, आणि कावळ्याचा प्रकार उघड झाला तो हिच्यानंतरचाच.

विदर्भात वाघाने बैल मारला की मालकाची काय अवस्था होते हे मराठी वाचकाला परकं नाही. ओढून नेलेल्या जनावरावर विष टाकल्याच्या आणि त्यातून वाघ मेल्याच्या घटना आपल्याकडेही झाल्या आहेत. तिथे निदान ज्याचं नुकसान त्याचाच हात. म्हणून नुकसानभरपाई वेळेत पोचली तर तो हात थांबतो असं म्हणायला जागा आहे. ग्राउसच्या माळावर नुकसान मालकाचं आणि गुन्हा नोकराचा. मालकाचं पोट बहुधा त्या माळावर अवलंबून नसतं. त्याने ‘हॅरिअर मार’ असं म्हटलेलंही नसतं. ‘यंदा जोड्या कमी पडल्या’ एवढंच म्हटलेलं असतं. स्कॉटलंडने हे ओळखून २०१२ पासून नोकराच्या गुन्ह्याची जबाबदारी मालकावरही टाकली आणि २०२० मध्ये कमाल शिक्षा पाच वर्षांवर नेली. इंग्लंडात ती अजून सहा महिने आहे. २०१५ मध्ये अॅबर्डीनशायरच्या एका गेमकीपरला गॉसहॉक मारल्याबद्दल चार महिन्यांची कैद झाली तेव्हा ती अशा गुन्ह्यातली स्कॉटलंडमधली पहिलीच कैद होती.

२०२४ च्या नव्या स्कॉटिश कायद्याने आणखी पुढचं पाऊल टाकलं: ग्राउस मारायचे तर त्या जमिनीचा परवाना हवा. कोण दोषी हे न्यायालयात निःसंशय सिद्ध होण्याची वाट न पाहता, त्या जमिनीवर गुन्हा घडला असण्याची शक्यता अधिक दिसली तर परवाना स्थगित करता येतो. मालकांची तक्रार अशी की कुणी आकसाने मेलेला पक्षी आणून टाकला तर आम्ही काय करायचं. तक्रार अगदीच फोल नाही, चौकशी करणाऱ्याने ती डोक्यात ठेवायलाच हवी. तरी मला परवाना योग्य वाटतो, कारण गप्प राहण्याची किंमत पहिल्यांदाच मालकाच्या खिशातून जाते. एका गेमकीपरच्या कृत्यापायी सगळा हंगाम बुडणार असेल तर शेजारचा गेमकीपर, हाकारे, व्यवस्थापक, सगळ्यांनाच बोलायचं कारण मिळतं. इंग्लंडने दुसरीच वाट धरली होती: दोन घरटी जवळजवळ आली तर पिल्लं उचलून पिंजऱ्यात वाढवायची आणि मोठी झाल्यावर सोडायची. या प्रयोगात २०१९ पासून पिल्लं वाढवली गेली आणि तो २०२४ मध्ये आटोपला. हॅरिअरची संख्या त्या काळात वाढली हे खरं, आणि सोडलेल्या पिल्लांपैकी कित्येकांचे टॅग नेहमीच्याच पद्धतीने मुके झाले हेही खरं.

पुढचे लेख कुठल्याही क्रमाने वाचले तरी चालतील. हाक्याच्या दिवसावरचा लेख बराचसा शिकारवाल्यांच्या बाजूने लिहिलेला आहे, तो मुद्दाम सुरुवातीला ठेवला आहे. वाचताना राग आला तरी अर्ध्यावर सोडू नये. टॅगवरचा लेख तांत्रिक आहे, त्यातले नकाशे पाहून मजकूर वगळला तरी फारसं बिघडत नाही. लँगहोमवरचा मात्र वगळू नये. सर्वांत लांब आणि आकड्यांनी गजबजलेला आहे हे मान्य; पण या वादात दोन्ही बाजूंचे लोक लँगहोमचा आपापल्या सोयीचा अर्धा भाग तोंडपाठ म्हणून दाखवतात, आणि उरलेला अर्धा त्या लेखात आहे.